तीळभर

ओतारच्या बेकरीत कणीक मळायचं यंत्र.
त्याच्या मोटारीत पाणी शिरलं पहाटे पाच चाळीसला,
आणि चियातुराच्या दोन कड्यांच्या मधोमध
रोपवेचा डबा थांबला.
आत त्सित्सिनोबाई, पिंजऱ्यात चार कोंबड्या,
आणि रात्रपाळीला उशीर झालेले खाणीतले दोघे.
पन्नास मिनिटं.
खाली नदी, मँगनीजनं काळी.
एका कोंबडीनं वरच अंडं घातलं म्हणे.
ते कुणी खाल्लं यावरून अजून वाद आहे.

बेकरीत चाळीस अँपिअरचा फ्यूज हवा होता.
ओतारनं तिथं तांब्याची जाड तार पिळून ठेवलेली:
रोज रोज कोण बदलत बसणार?
म्हणून ज्यानं आधी पडायचं तो पडलाच नाही.
गल्लीचा ब्रेकर विचार करत राहिला,
आणि वर, माझ्या उपकेंद्रात,
सगळंच एकदम तुटलं.
बेकरी, शाळा, दवाखान्यातला लशींचा फ्रीज, दरीवरचा डबा.
सुक्याबरोबर ओलं.

लामारा निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली.
पाय सुजलेले, चपला मुलाच्या.
तिला जीपमध्ये घालून आणलं.
तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही.
खिडकीच्या काचेला लॉगचा कागद चिकटवला,
ज्यावर एकापासून दहा जितके लांब
तितकेच दहापासून शंभर,
त्यावर दुसरा, पातळ,
आणि मागून येणाऱ्या उन्हात
एकेकाचा स्वभाव गिरवत गेली.
खाली डावीकडे फ्यूज, तापट.
मग गल्लीचा.
मग सगळ्यांच्या वर, उजवीकडे, माझा.

"शिवता कामा नयेत एकमेकींना."
मध्ये किती जागा?
"सेकंदाचे तीन दशांश.
ब्रेकरला तोंड उघडायला थोडे,
चकतीला थांबायला थोडे,
उरलेले माझ्या चुकीला."

मी तेव्हा नवा होतो, तोंडाळ.
म्हटलं, उगमापाशीच शॉर्ट झाला तर?
तिथं प्रवाह सर्वांत दांडगा,
आणि तिथल्यानंच सर्वांत शेवटी हलायचं?
पेन्सिलीला टोक करत ती म्हणाली,
"हो. वाईट आहे. तसंच आहे."
मग माझ्या रेषेच्या शेवटाला
वरून खाली एक उभी कडा ओढली, सरळ, टोक मोडेस्तोवर.
"याच्या पलीकडचं आलं, तर मोजत बसायचं नाही. तोडायचं."
थोडं थांबून,
"आमच्या घरात ही कडा कुणी आखली नव्हती."
मी काही विचारणार, तेवढ्यात,
"खोडरबर दे, जुंबेर."

ओतारच्या भिंतीवर नवा फ्यूज बसला.
तार मी खिशात घालून आणली.
तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही.
पाव मात्र विकायचा, पैसे मोजून घ्यायचा.

ऑक्टोबरात, पावणेसहाच्या सुमारास,
मी पॅनेलसमोर उभा, हातात चहा,
जुन्या रिलेच्या काचेआड
ॲल्युमिनियमची चकती निवांत.
एकाएकी ती सरकली.
तीळभर.
माझा हात आपोआप फोनकडे.
खिडकीतून डबा दिसत होता, दिवा लागलेला,
दरीवरून आपल्या चालीनं चाललेला.
आत कोण होतं ते मला कधीच कळलं नाही,
आणि त्यांना काही झालंच नव्हतं.

खाली फक्त एका घराची खिडकी काळी.
तिथून पिठानं माखलेला एक माणूस बाहेर आला
आणि डोंगराकडे बघत, माझ्याकडे बघत,
मनसोक्त शिव्या देऊ लागला.

मी लामाराला उठवलं.
"कोण पडलं?"
एकटा ओतार.
"आणि वरचा?"
मी काचेकडे पाहिलं.
स्प्रिंगनं चकतीला हळूच मागे आणलं होतं,
जिथून निघाली तिथं.
निघाला होता, म्हटलं. परत आला.
पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.
मग तिनं विचारलं,
चहा गरम आहे का अजून.