धावदोरा

दिवसा तो झगा मिस ऑल्डरटनचा,
रात्री आठनंतर एउलालियाचा.
मी कमरेत दोन बोटं आत घ्यायचे, धावदोऱ्याने,
पहाटे झटकन उसवता यावं म्हणून.
काखेत अजून तिचा घाम ओला असायचा.

तोच दिवाणखाना, तोच जिना,
पायऱ्यांवर खडूच्या खुणा, दिवसाच्या पावलांच्या.
दिग्दर्शकाला स्पॅनिश येत नव्हतं.
डोळे मिटून ऐकायचा,
म्हणायचा, छान. पुढचं.

मूकपटांत ती कोण कोण झाली!
सेव्हिलची सरदारकन्या, हवाईची राणी,
एकदा तर हिंदुस्थानची राजनर्तकी,
कपाळावर लिपस्टिकचं कुंकू.
दुरांगोची तेवढी कधीच नाही.
मग पडद्याला कंठ फुटला
आणि तिचा घरंगळणारा र तिला नडला.

"तोमासा, टाचण्या तोंडात धरून
तू बोलतेस ना,
तसं बोलायला शिकवतायत मला."
हसली. मी टाचण्या काढल्या नाहीत.

पुढे रात्रीचं शूटिंग बंद झालं.
माझ्या भावाला आगगाडीत बसवून सीमेपार धाडलं,
जन्माचा दाखला खिशात असताना.
ती मोलकरणीच्या भूमिका करू लागली,
ट्रे घेऊन आत, ट्रे घेऊन बाहेर.

परवा लिलावात तो झगा दिसला.
चिठ्ठीवर मिस ऑल्डरटन.
कमरेशी बोट फिरवलं:
भोकं होती, बारीक, ओळीने,
माझ्या हातची.

हात लावू नका बाई,
रखवालदार म्हणाला.
स्पॅनिशमध्ये.