आवाज भाड्याने मिळेल

माझ्या दुकानावर पाटी आहे:
आवाज भाड्याने मिळेल.
आठ काळे स्पीकर, माणसाहून उंच,
एक जनरेटर, त्याला खोकला.
आपाममध्ये कुणी मेलं की
आधी शवपेटीवाला, मग मी.
शनिवारी माझ्यापुढे समुद्राची बोलती बंद,
असं मीच सांगायचो गिऱ्हाइकांना.

आद्वोबा किल्ल्याखालच्या गल्लीत
मासळीला धुरी देते.
तिचा फीफी सात वर्षांचा.
शनिवारी तो रिकाम्या पिंपात शिरायचा
आणि आतून झाकण ओढून घ्यायचा.
लोक म्हणायचे, नदीनं दिलेलं पोर,
नदीला परत करा.
म्हणायचे, आईनंच कुणाचं तरी काही घेतलं असेल.
प्रार्थनेच्या एका छावणीत त्याला तीन रात्री ठेवलं.
आला तेव्हा घोट्याभोवती वळ होते.
आद्वोबा त्याबद्दल बोलत नाही.
मीही विचारलं नाही.
त्या छावणीची दवंडी
माझ्याच स्पीकरवरून फिरली होती.
शंभर सेडी, रोख.

मंगळवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत.
अशाच एका मंगळवारी सात बायका आल्या
आणि एक बाप, दारातच थबकलेला, टोपी हातात.
पुढे दवाखान्यातली आराबा क्वान्सा,
जिच्यापुढे सुईसुद्धा सरळ उभी राहते.
मला वाटलं, आल्या भांडायला.
म्हणाली, "स्पीकर हवेत. कडुलिंबाखाली.
आमच्या पोरांबद्दल गावाला सांगायचंय."
"शांतता मागायला भोंगे?" मी हसलो.
एकटाच हसलो.
मग दर सांगितला,
मग लाजून अर्धा केला.
तिनं त्याच्याही अर्धे मोजले, सगळी चिल्लर,
धुराचा वास लागलेली.

तेवढ्यात फीफीनं
बंद स्पीकरच्या जाळीला गाल लावला.
बराच वेळ.
झोपलेल्या एखाद्या मोठ्या जनावराला टेकावं तसा.
बावीस वर्षं मी ही यंत्रं वाहतोय,
बंद असताना त्यांच्याकडे
कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर झाडाखाली गर्दी,
निम्मी केंकी खायला आलेली.
आराबानं 'ऑटिझम' हा शब्द तीनदा उच्चारला,
आमच्या भाषेत त्याला शब्द नाही म्हणून.
होडीवाल्यांचा पुढारी न्याना ओटू म्हणाला,
"नाव कळलं. औषध?"
"औषध नाही," ती म्हणाली, "शेजारी लागतात."
तो पुटपुटला, ते औषधाहून महाग.

मग आद्वोबा उठली. माइक उलटा धरला.
मी सरळ करून दिला
आणि सवयीनं बटण वर सरकवू लागलो.
तिनं नुसती मान हलवली.
ती इतकं हळू बोलली
की मागच्यांना बाकं सोडून पुढे यावं लागलं,
केंकीची पानं हातातच राहिली.
"तुमच्या कानांना दारं आहेत," ती म्हणाली,
"त्याच्या कानांना नाहीत.
तो हट्टी नाही. त्याला लागतं."
एवढंच. मग माइक
माझ्या मांडीवर ठेवला, तान्हं मूल ठेवावं तसा.

आता मी स्पीकर समुद्राकडे तोंड करून लावतो.
आदल्या दिवशी आद्वोबाला वेळ कळवतो,
ती त्याला घेऊन बहिणीकडे जाते, किंवा नाही जात.
दोन घरं मला सोडून गेली.
म्हणाली, आमचा माणूस काय चोरून पुरायचा?
राजाच्या मावशीच्या वेळी
मलाही ठामपणे नाही म्हणता आलं नाही,
आठही स्पीकर गावाकडे, पूर्ण आवाजात.
संध्याकाळी गल्लीत गेलो.
पिंपावर झाकण होतं.
मी बाहेर बसून राहिलो, काही न बोलता,
तेवढंच मला जमलं.

आणि तो टोपीवाला.
त्या दिवशी तो अवाक्षर बोलला नव्हता.
काल पहाटे, होड्या निघायच्या आधी,
ओल्या वाळूवर दिसला.
हातात एका मुलीचा हात,
अकरा-बारा वर्षांची, प्रकाशाला बिचकणारी.
आमच्या दोघांची भिंत एक आहे.
त्याला मुलगी आहे,
हे मला माहीत नव्हतं.