मिठागरावरची अंगणवाडी, भांडुप

पत्र्याची खोली, बांधाला टेकून.
समोर हायवेपलीकडे काचेचे टॉवर;
सकाळी त्यांची तिरीप थेट फळ्यावर येते
आणि 'ऐ' दिसेनासा होतो.
तसंही ऐरण इथे कुणी पाहिलेली नाही.
मीही नाही.

बारा पोरं. डहाणूची, तलासरीची.
दिवाळी झाली की आईबापांमागून येतात,
मे सरायच्या आत परत.
एवढं आखूड वर्ष रजिस्टरला ठाऊक नाही.
ऑफिसातून फोन : बाई, पटसंख्या स्थिर का नाही?
मी म्हणते, बघते सर.

जिवली दुमाडा, वय चार,
नऊ दिवस उंबऱ्यावरच बसली,
धाकट्याला काखेत मारून.
दहाव्या दिवशी आत आली, म्हणाली,
दोघांचा नाव लिव.
तो दीड वर्षांचा, माझ्या वर्गात बसत नव्हता.
मी त्याला सतरंजीवर बसवला.

मग वजनाचा दिवस.
जिवली काट्यावर चढली, श्वास धरून, ताठ,
बाप गोणी चढवताना उभा राहतो तशी.
अकरा किलो दोनशे.
काट्याकडे बघत तिनं विचारलं,
यवढ्याचा किती मिलंल?

कमलबाई खिचडी ढवळायची थांबली.
मी तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात ठिपका दिला,
पेन उगाच दोनदा गिरवलं.

आता मिठागरात नुसतं पाणी आहे, बगळे आहेत.
रजिस्टरात बारा नावांपुढे लाल शाईत : स्थलांतरित.
एक तेरावं, पेन्सिलीनं.

यंदा दिवाळी लवकर आहे.
सतरंजी उन्हात टाकली मघाशी.