वायसर

फुलाबाई ऐवळे बुधवारी येते,
सांगलीच्या मार्केट यार्डातून मिरजेला, सिटी बसनं.
पदराच्या दुमडीत हळदीची धूळ तशीच.
पोती शिवते ती, तोंडाला फडकं बांधून.
शिंक काही फडक्याला जुमानत नाही.

आधी दाराकडे बघते. मग माझ्याकडे.
"बाई, वायसर गेलाय माझा.
शिंकलं की नळ ठिपकतोय."

मी हसत नाही.
म्हणजे हसते, पण ती हसल्यावर.

वायसर!
इतकी वर्षं शिकले, मग शिकवलं,
एवढा नेमका शब्द नव्हता माझ्याकडे.

याच कॉलेजात, दुसऱ्या टेबलावर,
देहदान केलेली एक म्हातारी होती.
पायाच्या अंगठ्याला नंबर, नखांना जुनी मेंदी.
दस्तगीरमामा रोज तिच्यावरचं कापड ओलं करून जायचे,
कुणी झोपलंय अशा बेतानं.
बिरनाळे सर म्हणाले: पुरुषाचा मूत्रमार्ग.
चार पानं, रंगीत आकृती, दोन वळणं.
मग म्हणाले: बाईचा. चार सेंटिमीटर. सरळ.
पान उलटा.

आम्ही उलटलं.

संध्याकाळी मी एकटी परत गेले.
जांघेच्या हाडामागं, योनीच्या पुढच्या भिंतीला टेकून
ती नळी होती, करंगळीहून बारीक,
आणि तिच्याभोवती काहीतरी बसकं, फिकट,
धान्य ओतून घेतल्यावर पोतं पडतं ना, तसं.
मला वाटलं, काहीच नाही.

रक्त नव्हतं, म्हणून काहीच नव्हतं.
जिवंत बाईत ती गादी असते:
शिरांचं जाळं, मऊ, भरलेलं,
नळीला चहूबाजूंनी हलकेच मिटवून धरणारं.
मेल्यावर ओसरते.
आणि पुस्तकं तर मेलेल्यांवरूनच लिहिली.

त्या गादीत बारीक बारीक ग्रंथी,
काहींची तोंडं मूत्रद्वाराच्या दोन्ही अंगांना,
मोहरीहून लहान.
एका जाड पुस्तकात त्यांना नाव होतं: अवशेष.
कशाचा अवशेष?
पुरुष घडवून उरलेल्या मातीचा?

हे सगळं मी फुलाबाईला सांगत नाही.
केसपेपरच्या मागं नळी काढते, भोवती गादी,
खाली झोळीसारखे स्नायू.
"पाळी गेली की गादी थोडी बसते.
चार बाळंतपणांनी झोळी सैल होते.
वायसर गेला नाही, सुकलाय.
मलम देते. आणि हे बघा, लघवी अडवल्यासारखं
आत ओढायचं, दहा मोजायचे, सोडायचं.
पोतं उचलायच्या आधी तर नक्की."

ती चित्राकडे बघत राहते.
बोट ठेवते, नळीवर नाही, गादीवर.
"ही... फुगते का कधी?"

फुगते, मी म्हणते. सुखात फुगते.

बाहेर कुणीतरी नंबर पुकारतं.
ती आवाज खाली घेते, इतका की मला वाकावं लागतं.
"मालक होते तवा. एकदाच.
गोधडी भिजली. मला वाटलं, मी मुतले.
रातीच धुतली, हापशावर, कुणाला दिसू नये म्हणून.
परत कधी तसं होऊ दिलं नाही मी.
एकवीस वरसं."

ते पाणी निराळं असू शकतं, फुलाबाई.
या ग्रंथींचं. थोडं मूत्राशयाचंही.
आजाराचं नाही. लाजेचं तर नाहीच.

माझं वाक्य बरोबर आहे.
एकवीस वर्षांपुढं ते फार लहान दिसतं,
चार सेंटिमीटर, सरळ.

ती बराच वेळ बोलत नाही.
मग म्हणते, "मालकबी घाबरलं होतं."
आणि खुदकन हसते, विशीतल्या पोरीसारखी,
तोंडावर हात, नखात पिवळं.

चित्र घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवते.
उठते. खुर्चीवरून
सवयीनं पदर फिरवते.

कोरडी असते खुर्ची.
तरी फिरवते.