बारदान

धरणगावात रात्री दोनला जिनिंग थांबलं
तेव्हा कुठं लॅपटॉपचा पंखा ऐकू आला.
खिडकीतून थंडी, सरकीचा वास.
स्क्रीनवर तीच ओळ :
जागा मिळाली नाही, प्रयत्न सोडला.

मेमरी कमी पडली की कर्नल पानं दाबून ठेवतं,
रुईची गाठ आवळावी तशी.
गाठींनीच गोदाम भरलं की निघतं दारोदार,
प्रोसेसच्या एकेका गटाकडं :
तुझं जुनं काढ, डिस्कवर नेऊन टाकतो.
सोळा नकार, की माघारी.
आणि माझं मशीन गुदमरतं
शेकडो दारं वाजवायची राहिलेली असताना.

चार दिवस काही कळेना.

पाचव्या दिवशी गेटवरचे धुडकू अप्पा
ओट्यावर येऊन बसले, चहा बशीत ओतला.
मी नवा होतो, म्हणाले, शेठनं पाठवलं
लोकांकडं अडकलेलं बारदान गोळा करायला.
सोळा जण नाही म्हणाले की परत ये,
उगा चपला झिजवू नको.
मी दुसऱ्याच गल्लीतून परत, हात हलवत.
मुनीमनं चष्म्यावरून पाहिलं :
कुलपं किती होती रे?
अकरा.
‘जठे कोनी नही, तठे नही कोन म्हनी?’

मग अख्खं गाव फिरलो.
कुणी न्हाणीला पडदा केला होता,
कुणी म्हशीखाली अंथरलं होतं.

चहा तसाच ठेवून मी आत गेले.
ज्यांनी कधी काही साठवलंच नव्हतं
त्या गटांची शांतताही
मी नकारात मोजत होते.

तीन ओळी बदलल्या.
रिकामं दार, पुढं चल.
सबंध फेरी कोरडी गेली तर एक.
अशा सोळा, मग मात्र थांब,
न थांबणं हाही बिघाडच.

सकाळी मशीन चालू होतं,
दमलेलं, पण चालू.
अप्पांना सांगितलं तर त्यांचं भलतंच :
आणि म्हशीखालचं? ते कोण काढतं?
म्हटलं, नुकतं वापरलेलं पान आम्ही ओढत नाही अप्पा,
खूण पुसून रांगेत मागं सोडतो,
पुढच्या फेरीला बघू म्हणून.

अप्पा बराच वेळ गेटकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
मी म्हैस उठवली होती.