चिमणीवरचं आकाश

कन्ना चौकात माझं दुकान, दोन शटरचं.
देव येतात फ्रेम करायला, लग्नं येतात,
वारलेली माणसं येतात
पासपोर्ट फोटोतून मोठी होऊन, जरा फुटलेली.
माळ, तळं, झाड असलं काही
फक्त गुर्रम सर आणतात,
सायकलच्या कॅरिअरला, चौकटीच्या टॉवेलात गुंडाळून.
दोर सोडतात, टॉवेल झटकतात,
खांद्यावर टाकतात आणि म्हणतात, बघ.

हिवाळा जलरंगाचा.
तोही नळ येईल त्या दिवशी,
पाचव्या नाहीतर सहाव्या, पहाटे साडेतीनला.
बाई पिंप भरतात, हंडे, पातेली, कुकरसुद्धा,
आणि शेवटचा तांब्या त्यांच्या टेबलावर आदळतात,
"घ्या, तुमच्या तळ्याला."
त्या एका तांब्यात हिप्परग्याचा तलाव होतो,
पलीकडचा काठ, धुकं,
एका पायावर विचार करत उभा बगळा.
उरलेलं गढूळ पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला.
सर म्हणतात, त्याला कधीमधी निळी पानं येतात.
मी हो म्हणतो.

मे महिन्यात जलरंग चालत नाही.
ब्रश उजव्या टोकाला पोचेपर्यंत
डाव्या टोकाचं आभाळ वाळून कडा धरतं.
"मधेच फाटतंय बे," सर म्हणतात.
मग अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास, आणि पात्याच्या सुरीनं
भाकरीला लोणी लावावं तसा जाड रंग.
नान्नजचा माळ, कुसळी, वाळलेलं गवत,
ज्याला लोक पिवळं म्हणतात आणि सर
अकरा वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात.
त्यांचे वडील रंगखान्यात होते.
कोपरापर्यंत निळे हात घेऊन जेवायला बसायचे.
सगळी नावं तिथली, तेलुगूतली.
मला त्यातली तीन पाठ आहेत.

एकाच गच्चीवरून दोन चित्रं केली होती त्यांनी.
पत्रे, वाळत घातलेलं सूत, लांब किल्ल्याची झाडी,
मधोमध मिलची चिमणी.
एक पाण्यात, एक अ‍ॅक्रिलिकमध्ये.
दोन्ही मीच बसवली, सागवानी पट्टीत.

मग चिमणी पाडली.
सकाळी एक आवाज झाला,
माझ्या दुकानातल्या सगळ्या देवांच्या काचा थरथरल्या.
नात विचारत होती, चिमणी उडाली का आजोबा?
काय सांगणार.

आठवड्यानं सर आले, अ‍ॅक्रिलिकवालं परत घेऊन गेले.
पावसाळा संपता संपता आणलं.
चिमणीवर आकाश ओढलेलं,
दोन हातांचं, तीन हातांचं, कोण जाणे.
"आता खरं झालं," म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.
मी विचारलं, "आणि पाण्यातलं?"
"त्यातली चिमणी मी काढलीच नव्हती की.
भोवतीनं आभाळ काढलं, तेवढा कागद कोरा सोडला.
न लावलेला रंग पुसायचा कसा?"

ते गेल्यावर मी कॅनव्हास ट्यूबलाइटखाली तिरका धरला.
होती.
आकाशाखाली उभी, बोटभर जाड,
ऑपरेशनचे टाके शर्टातून हाताला लागावेत तशी.
अंगठा फिरवला, खालून वर.
वरच्या टोकाशी जरासा खवला,
तिथं त्यांनी कधीतरी धूर लावला होता.

दिवाळीत एका डॉक्टरांनी पसंत केलं,
दवाखान्यात बाकाच्या वर लावायला.
दुपारचे चार वाजले होते, दारातून ऊन आडवं येत होतं.
त्यांनी मान वाकडी केली.
"मधे हा उंचवटा कसला? ओरखडा आहे का?"
मी हो म्हणालो.
दोनशे कमी केले.

सरांना पूर्ण पैसे दिले.
त्यांनी मोजले नाहीत. टॉवेलची घडी घातली,
रिकामं कॅरिअर खडखडवत
चौकातून वळले,
आणि वळताना, अजूनही,
सवयीनं वर बघितलं.