पासंग

रविवारी संध्याकाळी पाच वाजता
क्नेके घर बदलतो.
आधी पिंजरा, मग गवताची पिशवी,
निळ्या पुठ्ठ्याची वही, आणि मागून इल्वा,
टोपीवरचा बर्फ माझ्या दारात झटकत.
पेत्रा गाडीतून उतरत नाही. इंजिन चालूच.
लुलेओत उणे बावीसला ते बंद करून चालत नाही,
असं आम्ही दोघंही धरून चालतो.

वहीत रकाने: तारीख, ग्रॅम, गवत, लेंड्या, शेरा.
आमच्यात आता एवढाच पत्रव्यवहार.

तिच्याकडे अठराशे साठ.
माझ्याकडे, त्याच रात्री,
पाव मळायच्या वाडग्यात कान पाडून बसलेला,
अठराशे वीस.
दर रविवारी चाळीस ग्रॅम
पुलावर कुठेतरी सांडत होते.
‘तुझ्याकडे तो खात नाही,’ तिचा शेरा.
‘तुझा काटा खोटा,’ माझा.
तिनं लाल पेन काढलं.
मी मुद्दाम पेन्सिलीनं लिहू लागलो,
म्हणजे मी किती शांत आहे ते दिसावं.

इल्वा नऊ वर्षांची.
एका रविवारी तिनं दप्तरातून साखरेचा पुडा काढला,
न फोडलेला, किलोचा.
आईकडे एक हजार चार.
चार कागदाचे, ती म्हणाली,
आणि पुडा माझ्या काट्यावर ठेवला.
नऊशे चौसष्ट.
मी बॅटरी बदलली. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला.
नऊशे चौसष्ट.
वहीच्या पहिल्या पानावर तिनं शाईनं लिहिलं:
बाबाच्या काट्याला चाळीस मिळवणे.
चार वर्षांच्या भांडणाला
एवढासा पासंग.

फेब्रुवारीत समुद्र गोठून
त्यावरून मोटारी जाऊ लागल्या, तेव्हा
अठराशे दहा.
पुढच्या आठवड्यात सतराशे पन्नास.
चाळीस मिळवूनसुद्धा.
दोन्ही घरं पहिल्यांदा एका आकड्यावर आली
आणि तो आकडा कुणालाच नको होता.

दिसायला ठणठणीत.
मिशा हलताहेत, उड्या चालल्यात,
पालकाचं पान तोंडात धरून
चघळल्यासारखं करायचा
आणि हळूच सोफ्याखाली टाकून यायचा.
पाच पानं सापडली, वाळलेली, एकावर एक.

डॉक्टर राउनींनी तोंडात दिवा घातला.
मागच्या दाढेला धार आली आहे, जीभ कापते.
ससा दुखणं सांगत नाही, त्या म्हणाल्या.
ज्याला सगळेच खातात
त्याला आजारी दिसणं परवडत नाही.
म्हणून वजन करायचं.
काट्यापुढे सोंग चालत नाही.

इल्वा माझी बाही धरून उभी होती.
विचारलं तर ती सांगते, बरं आहे.
दोन्ही घरी.
दोन्ही घरी तितक्याच चटकन.

दाढ घासल्यावरच्या रात्री
दर चार तासांनी पिचकारीतून गवताची लापशी.
निम्मी त्याच्या पोटात, निम्मी माझ्या शर्टावर.
टॉवेलात गुंडाळून त्याच्या पोटाला कान लावायचो.
आत काही गुरगुरावं, वळावं, निदान कुरबुर तरी.
अडीचपर्यंत काही नाही.
पावणेचारला न्हाणीघराच्या उबदार फरशीवर,
सात.

मी फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला.
‘आल्या.’
‘किती?’
‘सात. एक अगदी बारकी.’
पेत्रा हसली.
मग दोघं गप्प.
खाली बर्फ लोटणारं यंत्र
रस्त्याची एक बाजू करून वळलं,
दुसरीला लागलं,
तरी फोन कुणी ठेवला नव्हता.

मार्चमध्ये अठराशे पस्तीस.
शेऱ्याचा रकाना तिनं कोरा सोडलाय. मीही.
नवा काटा घेऊ म्हटलं, तर इल्वा नको म्हणते.
तिला चाळीस पाठ आहे.

काल क्नेके उडी मारून उतरला,
तेव्हा रिकाम्या वाडग्यात तिनं आपला हात ठेवला,
कोपरापर्यंत,
अगदी सैल सोडून,
आणि मला म्हणाली, वाच.